पेरणीचं पान

सोनागिरीत बाळ जन्मलं की एक किन्नर बधाई गायला येते. बाळ झोपलेलं असेल तर टाळी वाजवत नाही. परतताना माझ्या ओट्यावर टेकते. "ताई, ती कादंबरी वाचा ना."

कादंबरी इंडोनेशियातल्या बुगिस लोकांच्या पुजाऱ्यांची आहे, ना पुरुष ना बाई अशा बिस्सूंची. त्यांनी मंत्र म्हटल्याशिवाय राजाही पेरणी सुरू करत नाही, ते पान तिला दर वेळी हवं असतं. पुढे राज्य बुडतं, बिस्सूंना गावाबाहेर हाकलतात. मी पेरणीचं पान उलटायच्या आत ती निघते.

काल तिने विचारलं, "राजाचं ते सच्ची तसं होतं, की लिहिणाऱ्याने रचलं?"

"खरंच तसं होतं."

"मग पुढचंही खरंच असणार," ती म्हणाली आणि या वेळी बसून राहिली.