लय मोठा आवाज पायजे

आकाराम जॉबरला फोन घ्यायची हौस नव्हती. घ्यायची पाळी आली ती लेकीमुळं, पूजामुळं.

माधवनगरच्या शेडमधले यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्याची सत्तावीस वर्षं गेली. माग कुठं अडलाय, ते तो नुसता हात ठेवून ओळखायचा. लोक म्हणायचे, या गड्याच्या बोटांना कान आहेत. म्हणणाऱ्यांना काय ठाऊक, की गेली चार वर्षं त्याला तेवढेच कान उरले होते. शेडमधल्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात, त्यामुळं तिथं बहिरा माणूस सहज खपून जातो. बायको अंजना त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरणारी. घरीसुद्धा ती समोर उभी राहून, तोंड मोठं उघडूनच बोलायची. तिलाही पत्ता नव्हता. मालकाला कळलं तर काम जाईल, ही भीती आकारामनं एकट्यानं गिळली होती.

पण फोनला ओठ नसतात. जावई फौजेत, म्हणून पूजा अंबाल्याला. तिचा फोन आला, की हा अंजनाचा बटणांचा फोन कानाला लावायचा, 'रेंज न्हाई' म्हणायचा आणि परत द्यायचा. वर्षभर हेच चाललं. गेल्या आठवड्यात मात्र त्याला पोरीची कीव आली आणि तो अंदाजानंच 'बरं, बरं' म्हणाला. नेमकं तेव्हाच पूजानं विचारलं होतं, "बाळंतपणाला हितंच ऱ्हाऊ का?"

पहिलं बाळंतपण, आणि बाप म्हणतो तिकडंच राहा. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिला सातवा सरत आला होता, डॉक्टरनं प्रवासाला याच आठवड्याची मुदत दिली होती. आज पाचच्या आत तिकिटं काढायची, पण आबा माझ्याशी नीट बोलले तरच येईन, असं तिनं आईला बजावलं होतं. आकारामला नुसतं 'ये' म्हणता आलं असतं. पण त्यावर ती काहीतरी विचारणार, आणि पुन्हा चुकीचं उत्तर तोंडून जाणार. एकदा हात पोळला होता.

म्हणून तीन वाजता दोघं सांगलीतल्या एका मोबाइलच्या दुकानात आली. त्याचा हिशेब सरळ होता. आवाज मोठा असला, की ऐकू येणारच.

काउंटरवर नौशीन नावाची मुलगी होती. बोलता बोलता ती पाठ फिरवून खोकी काढायची आणि तिचं अर्धं बोलणं आकारामच्या हातून निसटायचं. कॅमेरा, बॅटरी, मेमरी, न फुटणारी काच. तो नंदीबैलासारखा सगळ्याला मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "लय मोठा आवाज पायजे. बाकी काय नको."

नौशीननं गाणं लावलं. शेजारच्या गिऱ्हाइकानं कानांवर हात ठेवले. आकारामच्या तळहातात फोन थरथरला, घोंगावणं आलं, पण शब्द एकही आला नाही. दुसरा फोन बघितला, मग तिसरा. तेच. सव्वाचार वाजून गेले आणि त्याच्या पाठीवरून घामाची धार लागली.

चौथ्याचा पुढचा कॅमेरा दाखवायला नौशीननं मागच्या खोलीतल्या पोऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. गाण्याच्या गोंगाटात तो काय म्हणाला ते तिला कळेना.

"चहा आलाय म्हनतोय त्यो," आकाराम म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चपापला. इतक्यात अंजनाचा फोन वाजला. पूजाच होती. अंजनानं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. हातातल्या फोनकडं बोट करून, तिला ह्याच्यावर बोलवा, असं त्यानं नौशीनला सांगितलं.

नौशीननं अंजनाच्या फोनवरून नंबर घेऊन व्हिडिओ कॉल लावला आणि काचेवर पूजा आली. वर्षानं तिचं तोंड दिसलं. त्याला बघताच पोरीला रडू फुटलं. तोंडावर हात दाबून ती बोलत राहिली, आणि त्या हाताआड काय चाललंय ते त्याला काही दिसेना. 'बरं, बरं' म्हणणं सोपं होतं. दुकानात माधवनगरची दोघं-तिघं होती. खरं बोललं तर उद्या मालकाच्या कानावर जाणार, हे त्याला दिसत होतं.

"पूजा, तोंडावरचा हात काढ," तो म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई, बाय. चार वर्सं झाली. त्या दिवशी तू काय इचारलंस, ते मला कळलंच न्हाई."

अंजनाला राग आला होता, की रडू, तिचं तिलाच उमगेना.

पूजा लहानपणी शाळा सुटली, की बापाचा डबा घेऊन शेडमध्ये यायची. तिनं डोळे पुसले, फोन जवळ घेतला, आणि मागावरची माणसं बोलतात तसं, आवाज न काढता, ओठ मोठे करून विचारलं, "येऊ?"

शेडच्या या टोकाकडून त्या टोकाच्या माणसाला बोलवावं, तसा आकारामनं हात उंच केला आणि दोनदा छातीकडं ओढला.

पाचाला दहा कमी असताना तिकिटं निघाली. आकारामनं तोच फोन बांधायला सांगितला. नौशीननं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की या चारांत याचाच आवाज सगळ्यात बारीक आहे.

"चालंल," अंजना म्हणाली. "आमच्या घरात आवाज लागत न्हाई."