मंजुरीच्या प्रतीक्षेत

ऑफिसात त्याला सगळे बघू म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागेही फार लांब जाऊन नाही. "बघूला विचारलंस?" "विचारलं." "मग काय म्हणाला?" "काय म्हणणार, बघू म्हणाला." हा विनोद रोज एकदा तरी व्हायचा आणि रोज कोणीतरी त्याला नव्याने हसायचं. त्याच्याही कानावर तो आला होता. हे नाव आपल्याला आवडतं की नाही, ते मात्र त्याने अजून ठरवलं नव्हतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. हुशार होता, कामाला वाघ होता. फक्त एका जागी बूड टेकवून बसणं काही त्याला जमत नसे. खुर्चीत बसला की गुडघा हलायला लागे आणि शेजारणीच्या टेबलावरचा चहा डुचमळे. चपला घ्यायला गेला की दुकानदाराला अख्खं दुकान खाली काढायला लावी आणि शेवटी जुन्याच चपला घालून घरी येई. होस्टेलवर राहणारी लेक म्हणायची, "बाबा, तुमचा मेनू वाचून होतो तोवर आमचं जेवण झालेलं असतं." तो हसायचा आणि पान परत उलटायचा.

कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. शहरभरच्या इमारतींतल्या लिफ्ट सांभाळायच्या, अडली की मिस्त्री धाडायचा. मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, मनावर घेतलं की आता तक्रारींचं काम एजंटने करायचं. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, ज्याला माणसाचं साधं बोलणं कळतं. आणि तो नुसता गोड बोलून थांबत नाही, तर हाताशी दिलेली टूल्स स्वतः वापरतो. सुटा भाग स्टोअरमध्ये आहे का ते पाहतो, कोणता मिस्त्री मोकळा आहे ते शोधतो, त्याच्या फोनवर काम पाठवतो. असा एजंट उभा करायला तयार सांगाडे मिळतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात आणि बाजारात ती पैशाला पासरी आहेत. त्यांची तुलना करून एक निवडायचं होतं. हे काम मॅडमनी कोणाला द्यावं? चपलांच्या दुकानातून जुन्या चपला घालून परत येणाऱ्या माणसाला! मॅडमना वाटलं, एवढी बारकाईने तुलना दुसरं कोण करणार. ते खरंही होतं.

बघूने शेवटी तीन फ्रेमवर्कं बाजूला काढली आणि त्यांना नावं ठेवली. पहिलं घोडा. चार ओळी लिहिल्या, टूल्स हाती दिली, की निघालं उधळत. दिसायला देखणं, पण एकदा स्टोअरचं टूल बंद होतं तर पठ्ठ्याने सुट्या भागाचा क्रमांक मनानेच ठोकून दिला आणि मिस्त्रीला कामालाही लावलं. दुसरं कारकून. याला आधी सगळा नकाशा काढून द्यायचा: इथून तिथे जा, हे नसेल तर तिकडे वळ, इथे थांबून माणसाला विचार. प्रत्येक पायरीची नोंद ठेवणार, मधेच वीज गेली तर जिथे थांबलं तिथूनच उठणार. पण नकाशा काढता काढता बघूचे डोळे पांढरे झाले. तिसरी मंडळी. यात एक नाही, चार एजंट. एक तक्रार ऐकणार, एक स्टोअर पाहणार, एक मिस्त्री शोधणार आणि चौथा या तिघांवर देखरेख करणार. यांची आपसात इतकी बोलणी चालत की एका अडकलेल्या दारासाठी पानंच्या पानं भरत, आणि त्यातली निम्मी एकमेकांचे आभार मानण्यात जात.

तिघांनाही त्याने त्याच त्याच जुन्या तक्रारी सोडवायला दिल्या. गुण दिले, तक्ते केले. निकाल लागणार एवढ्यात घोड्याची नवी आवृत्ती निघे आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून. जेवताना, आंघोळ करताना, सिग्नलला उभा असताना त्याच्या डोक्यात हे तिघे धिंगाणा घालत. घोडा घ्यावा तर कारकुनाची शिस्त आठवे, कारकून घ्यावा तर घोड्याचा वेग. तळ्यात-मळ्यात करता करता जीव मेटाकुटीला आला होता.

आणि घरी दुसरा नकाशा उघडून ठेवलेला.

त्याची बायको कृत्रिम पाय बनवायची. प्लास्टरचा साचा घ्यायचा, तो घासून नेमका करायचा, त्यावर पाय बसवायचा, मग माणसाला दोन दांड्यांच्या मधून चालवून बघायचं. तिच्या नखांत कायम पांढरी भुकटी असे. तिला दुसऱ्या शहरातली एक नवी कार्यशाळा उभारायला बोलावलं होतं. प्रमुख म्हणून. याआधी दोनदा बघूने नोकरी बदलली तेव्हा तिने चालू काम सोडून त्याच्यामागोमाग घर हलवलं होतं, तेही हसतमुखाने. आता तिची पाळी होती आणि तिने सरळ विचारलं होतं, "येशील?"

तो म्हणाला, "बघू."

मग त्याने त्याचाही तक्ता केला. दोन शहरं, दोन रकाने. घरभाडं, पाणी, हवा, लेकीच्या कॉलेजपासूनचं अंतर. तिने एकदा तो वाचला, म्हणाली, "यात मी कुठल्या रकान्यात आहे?" आणि दिवा मालवून झोपली. तो मात्र त्या प्रश्नावर कूस बदलत राहिला.

त्या दिवशी सकाळी ती दारात चप्पल घालत होती.

"आज पाचच्या आत मला फोन कर," ती म्हणाली. "हो तर हो, नाही तर नाही. पाचपर्यंत फोन आला नाही तर ते नाहीच समजेन."

"अगं, आजच मॅडमना पण शेवटचं उत्तर द्यायचंय. आज नेमकं..."

"तुझ्या त्या एजंटला तू सांगितलंयस ना, माणसाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही म्हणून? मीही विचारलंय. किती दिवस झाले, तूच मोज."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे गेली आणि बघूचा गुडघा उभ्याउभ्या हलायला लागला.

मॅडमना मात्र त्याने आधीच एक तात्पुरतं उत्तर दिलं होतं. न निवडता निवडण्याची कला त्याला अवगत होती. कारकुनाला घ्यायचं, पण नुसतं प्रयोगापुरतं. आणि बाहेरच्या कोणाला त्रास नको म्हणून आधी आपल्याच ऑफिसच्या लिफ्टवर. लिफ्टमधलं मदतीचं बटण दाबलं की पूर्वी जिन्यात घंटा खणखणायची. बघूने ती काढून बटण एजंटला जोडलं. आणि एजंट भलतंच काही करून बसेल या धास्तीने प्रत्येक टूलच्या आधी एक पायरी घातली: मंजुरी घे. कोणाची? बघूची. त्याच्याच फोनवर. दुसऱ्या कोणाचं नाव घालावं याचाही विचार झाला होता, पण ते ठरलं नाही. मिस्त्रींनाही त्याने बजावलं होतं की फोनवर काम आल्याशिवाय या लिफ्टला कोणी हात लावायचा नाही, नाहीतर प्रयोग बिघडेल.

पाच वाजायला थोडा वेळ उरला तेव्हा तो उठला. खोलीत बोलायची सोय नव्हती, म्हणून खाली फाटकाशी जाऊन फोन करणार होता. काय बोलायचं ते खाली पोचेपर्यंत ठरवू, असं त्याने ठरवलं. लिफ्टमध्ये शिरला, तिसऱ्या मजल्यावर मॅडम आत आल्या, आणि दुसरा मजला सोडून दोन हात खाली गेल्यावर लिफ्ट एक हिसका देऊन थांबली.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. कुठे काही वाजलं नाही.

"गेली तक्रार," बघू घाईघाईने म्हणाला. "आता एजंट स्टोअर बघेल, मग मिस्त्री..."

"मिस्त्री काय?"

"मिस्त्री पाठवायच्या आधी मंजुरी मागेल."

"कोणाची?"

त्याने खिशातून फोन काढला. लोखंडी पेटीत रेंज कुठली यायला. त्याने फोन डोक्यावर धरला, पायाशी धरला, दाराच्या फटीला लावला. मॅडम हाताची घडी घालून सगळं पाहत होत्या.

"तुमची," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुमची मंजुरी आलीच नाही तर?"

"थांबतं. कारकुनाचा तोच तर गुण आहे, मॅडम. काही विसरत नाही. तासांनी, दिवसांनी उत्तर आलं तरी तिथूनच पुढे..."

"किती वेळ थांबतं, ते विचारतेय मी."

उत्तर नाही आलं तर काय करायचं, यासाठी फ्रेमवर्कमध्ये एक जागा होती. ठरावीक वेळाने दुसऱ्याला विचार, किंवा सरळ मिस्त्री पाठव, किंवा घंटा वाजव, काहीही लिहिता आलं असतं. बघूने तिथे तीन आठवडे विचार केला होता आणि जागा रिकामी सोडली होती.

"ते अजून ठरवलं नाही," तो म्हणाला.

मॅडमनी पर्समधून पाण्याची बाटली काढली, घोटभर प्यायल्या आणि त्यालाही दिली. त्या ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. तो दारावर थापा मारायला लागला. "कोणी आहे का?" वर पंखे घुमत होते, फोन वाजत होते, माणसं आपापल्या कामात बुडालेली. घंटा असती तर एव्हाना सगळा जिना गोळा झाला असता.

घड्याळ त्याला बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. पाच वाजायला उरलेली मिनिटं संपत आली. त्याला घर दिसलं, तेच घर, पण बेसिनजवळ पांढऱ्या भुकटीचा डाग नाही, दारात तिची चप्पल नाही. आता त्याला कसला तक्ता लागत नव्हता. तिच्याबरोबर जायचं होतं, कुठल्याही शहरात, भाडं काहीही असो. इतकं साधं होतं ते, आणि ते त्याला आत्ता कळत होतं, जिथून एक शब्दही बाहेर जात नव्हता. त्याला स्वतःची भयंकर चीड आली. पाच वाजले. मग पाच वाजून गेले.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. "कोण ठोकतंय रे आत?"

मिस्त्री! हत्यारांची पेटी वर न्यायला लिफ्टची वाट पाहून पाहून तो कंटाळला होता.

"मी आहे! मॅडमही आहेत! दार उघडा!"

"कोण, बघूसाहेब?" नाव तोंडातून निसटलं तसा मिस्त्री खाकरला. "उघडतो की, साहेब. तेवढं काम येऊ द्या फोनवर."

"अहो, ते येणार नाही! माझीच मंजुरी अडलीय!"

"मग द्या की मंजुरी."

"इथे रेंज नाही!"

"साहेब, तुम्हीच म्हणालात हात लावायचा नाही म्हणून. नंतर प्रयोग बिघडला तर माझ्या नावाने खडे फोडाल."

"मिस्त्री," मॅडम म्हणाल्या, "मी बोलतेय. उघडा."

किल्ली फिरली, दार सरकलं, मिस्त्रीने आधी मॅडमना हात दिला, मग त्याला. जिन्यात पाय टेकताच बघूचा फोन थरथरायला लागला. कारकुनाने मंजुरी मागितली होती. एकदाच, सभ्यपणे, आणि मग तो थांबला होता.

"उद्या सकाळी ती रिकामी जागा भरलेली हवी," मॅडम म्हणाल्या. "कुठलंही फ्रेमवर्क घ्या. कुठलंही." आणि जिन्याने उतरून गेल्या.

त्याने तिथेच पायरीवर बसून बायकोला फोन लावला. मागे कानस साच्यावर फिरल्याचा आवाज येत होता.

"येतो मी," तो एका दमात म्हणाला. "हो. येतो. आधीच करणार होतो फोन, लिफ्टमध्ये अडकलो, शपथ, मॅडमना विचार. तू कार्यशाळेला हो म्हणून कळव."

"मी सकाळीच कळवलं," ती म्हणाली.

"सकाळी? मग पाचपर्यंत..."

"पाचपर्यंत तुझ्यासाठी थांबले होते. मी जाणार हे ठरलेलंच होतं. एका माणसाचं घर बघायचं की दोघांचं, तेवढंच राहिलं होतं. पाचनंतर मी तेही सांगून टाकलं. एकाचं."

"अगं, पण आता मी म्हणतोय ना. खरंच येतोय. मला यायचंय तुझ्याबरोबर." "चालेल ना?"

कानस थांबली. पायरीवर त्याचा गुडघा पहिल्यांदाच जागच्या जागी होता.

"बघू," ती म्हणाली, आणि कानस पुन्हा सुरू झाली.