सनईवाल्या पुंजारामचे दात

देवळाली प्रवरेपासून जवळच आमचं गाव. कानिफनाथाच्या जत्रेत देवाची उंच काठी मिरवत देवळात नेतात, त्या काठीपुढं पहिली सनई पुंजारामची. बापाकडून आलेला मान. मान म्हणजे काय, तर देवाच्या पुढं वाजवत चालायचं आणि देऊळ आलं की पायरीखाली थांबायचं, आत जायचं नाही. यावरून मी गावाशी पुष्कळ भांडलोय. पुंजारामला मात्र त्या मानापलीकडं काही नको होतं.

पन्नाशी उलटली तसा त्याच्या सनईचा सूर हलायला लागला. सनईच्या तोंडाशी बसवायची पत्तीच खराब म्हणून तो रोज नवी पत्ती तासत बसायचा. एक दिवस मी त्याचा जबडा उन्हात धरून पाहिला. तरणेपणी ओळीत उभे असलेले खालचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले. दाढा पडून गाल आत गेलेले, ओठ पातळ झालेले. पत्ती धरायची ओठांत, वारा साठवायचा गालांत. दोन्ही जागा बदलल्या होत्या.

एकाहत्तर सालच्या जत्रेआधी त्याला नगरला दातांच्या डॉक्टरकडं नेलं.

"आजार नाही हा," डॉक्टर म्हणाले. "वयाबरोबर जबडा आवळतो, दातांची दाटी होते, चेहऱ्याचं हाडसुद्धा झिजतं. सगळ्यांचंच होतं. काही उपटू-बिपटू नका."

"सगळे सनई वाजवत्यात व्हय?" पुंजाराम म्हणाला.

एस्टीत तो जिभेनं दात चाचपत बसला. उतरताना म्हणाला, "भाऊ, त्यो मधला दातच आडवा येतुया. काडला तर?"

"डॉक्टर काय म्हणाले? कान हायेत का गेले?" मी खेकसलो.

ऐकतोय कुठं! जत्रेच्या आदल्या दिवशी आठवडी बाजारात रस्त्यावरच्या दातवाल्यापुढं बसला. एक उपटताना शेजारचाही निघाला.

जत्रेच्या दुपारी काठी उठली. पुंजारामनं सनई तोंडाला लावली. फुस्स. परत लावली. वारा फटीतून निसटला, हनुवटीवर थुंकी आली.

"ट्यूब पंक्चर झाली रं!" गर्दीतून आवाज आला. मी त्या पोराची गचांडीच धरली.

"सोडा त्येला, भाऊ. खरंच बोलतुय," पुंजाराम म्हणाला.

काठीचा मानकरी भिमाजी वैतागला. "पुंजा, देव खोळंबलाय."

जोडीला वाजवणारा भाचा सहादेव मागं उभा होता. पुंजारामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हो पुडं."

"मामा, तुमी असताना?"

"हो म्हन्तो ना!"

सहादेव पुढं झाला. झकास वाजवली पोरानं. पुंजाराम आणि मी काठी देवळात पोचेपर्यंत लिंबाखाली बसून ऐकली.

घरी गेलो तर गोजरबाई, त्याची बायको, उंबऱ्यात उभी. सनई तिला घरातून ऐकू आली होती.

"आज कशी घट्ट वाजली वो! तरन्यावानी. दात काडल्याचं चीज झालं म्हना!"

पुंजारामनं तोंडावर उपरणं धरलं.

"झालं," म्हणाला.