आत्याची गार पिशवी

पनवेलच्या बाजारात माझ्या आत्याचं औषधांचं दुकान होतं. यजमान गेल्यावर दुकान विकून टाक, असं सांगणारे तिला पुष्कळ भेटले. तिने सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गल्ल्यावर जाऊन बसली. मला हट्टी माणसं आवडतात, ती तिच्यामुळेच.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांची आई लवकर गेली, म्हणून आत्यानेच त्यांना वाढवलं. शाळेत धाडण्याआधी त्यांच्या डोक्यावर तेल थापणं हे तिचं रोजचं काम. मोठेपणी त्यांना मधुमेह जडला आणि इन्शुलिन घेण्याची वेळ आली. ते मुंबईहून आणावं लागे. रेल्वे तेव्हा पनवेलला पोचली नव्हती आणि ठाण्याला वळसा घालून येणारी एस.टी. उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची. घरी बाटल्या ओल्या वाळूतल्या मडक्यात राहत, पण वाटेत काय करणार? आमचा थर्मास तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात फुटला होता.

एका मे महिन्यात औषध वाटेतच बिघडलं. दिसायला ते चांगलं होतं, टोचलंही नेमाने. वडील मात्र खंगत गेले आणि एका सकाळी बेशुद्ध सापडले. दवाखान्यातून ते सुखरूप घरी आले, पण आत्याने पुढच्या उन्हाळ्याची धास्ती घेतली.

परदेशात गारवा धरून ठेवणाऱ्या पिशव्या मिळतात, हे तिला शेजारच्या सारंगांनी सांगितलं. हे कोकणी मुसलमान गृहस्थ, बोटीवर खलाशांचे मुकादम. आत्या त्यांना भाईजान म्हणायची. पुढच्या सफरीला निघताना तिने त्यांना बजावलं, की दिसेल त्या बंदरातून एकेक पिशवी आणा आणि ती बनवणाऱ्याचा पत्ताही आणा. भाईजान एरवी साबण आणि कपबश्या आणायचे. या खेपेला ते लंडनची एक आणि कोबेची एक अशा दोन पिशव्या घेऊन, रीतसर जकात भरून उतरले. गोदीतल्या साहेबाने आत काय लपवलंय म्हणून अस्तर किती वेळ चाचपलं, हे ते पुढे वर्षानुवर्षं हसत सांगत.

विलायती पिशवीला आतून बुचाच्या फळ्या होत्या. मोठी रुबाबदार, आणि तितकीच जड. जपानी पिशवी निळी, हलकी, काचेच्या तंतूंचा कापूस भरलेली. अशक्त झालेल्या वडिलांना जड पिशवी झेपणार नव्हती, म्हणून आम्ही सगळे मनातून जपानच्या बाजूचे. आत्या कुणाच्याच बाजूची नव्हती. ती म्हणाली, खोबरेल सांगेल ते खरं.

खोबरेल थंडीत थिजतं आणि उकाड्यात पातळ होतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ते साधारण ज्या उष्णतेला सुटू लागतं, तिच्या खाली इन्शुलिनला धोका नाही, हे तिने डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं. मग बंदरावरून बर्फ आणला, थिजवलेल्या खोबरेलाची रुंद तोंडाची बाटली फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि पिशवी मांडीवर घेऊन ऑक्टोबरच्या भर उन्हात एस.टी.ने पेणला जाऊन आली. शेजारी मासळीची पाटी घेतलेली एक बाई बसली होती. तिने पिशवीत काय आहे ते विचारलं. खोबरेल, असं ऐकल्यावर तिने आत्याला नीट न्याहाळलं. "तेल काय म्हावरा हाय गो बाय, बरफात ठेवाला?" आत्या हा प्रश्न अगदी तिच्याच सुरात म्हणून दाखवायची.

विलायती पिशवी पास झाली. दुसऱ्या दिवशी जपानीची पाळी होती आणि ती साफ नापास झाली. पेणलाच बर्फाचं पाणी झालं होतं आणि तेल बाटलीत डुचमळत होतं. आत्या दुकानात बसून मुंबईच्या व्यापाऱ्याला विलायती माल मागवायचं पत्र लिहू लागली. माझी आई तिथेच उभी होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं, त्या पिशवीला बोटीचा कुबट वास येत होता. सकाळी गच्चीवर ऊन दाखवलं मी तिला."

आमच्याकडे गादी, गोधडी, उशी, जे जे भरलेलं असेल ते उन्हात पडतंच. आईने पिशवी तोंड उघडून चांगली तापवली होती आणि तशीच बंद करून आत्याच्या हाती दिली होती. आई रडवेली झाली. ज्या औषधावर तिचा नवरा जगत होता, त्याचीच ही पिशवी. आत्याने पत्र फाडलं आणि तिला जवळ बसवून घेतलं. "अगं, मायेने केलंस. पिशवीला कुठे माहीत, की ती गोधडी नाही?" पुढच्या खेपेला जपानी पिशवी सावलीतून निघाली. पेणहून परतली तेव्हा तेल दगड होतं.

मुंबईच्या त्या व्यापाऱ्याकडे आयातीचा परवाना होता, पण दोन-चार जपानी पिशव्यांसाठी तो हलेना. मग आत्या पेण, उरण, अलिबागच्या औषधवाल्यांकडे स्वतः गेली आणि प्रत्येकाच्या दुकानात खोबरेलाची बाटली पिशवीतून काढून टेबलावर उलटी धरली. मागणी जमली. माल यायला हिवाळा उलटला. आलेल्या प्रत्येक पिशवीला तिने आईकडून एक चिठ्ठी शिवून घेतली: उन्हात टाकू नये.

मे महिन्यात वडील नवी पिशवी घेऊन मुंबईला गेले. परतीची एस.टी. मुंब्र्याच्या पुढे बंद पडली. ते आले तेव्हा ऊन कलत आलं होतं आणि आम्ही सगळे दुकानाच्या पायरीवर होतो. आत्याने भावाकडे पाहिलंदेखील नाही. पिशवी उघडली, इन्शुलिनच्या बाटल्यांमधून खोबरेलाची बाटली काढली आणि आडवी केली. तेल हललं नाही. तिने पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूने आडवी करून पाहिली. मग ती मटकन खाली बसली आणि गेलं वर्षभर न रडलेलं सगळं रडली.

वडिलांनी बाटली तिच्या हातातून घेतली, बोटाने आतलं घट्ट तेल खरवडून काढलं आणि तिच्या पांढऱ्या झालेल्या भांगात थापलं.

"आता वितळू दे, अक्का," ते म्हणाले. "मी पोचलोय."