यादीतल्या दोन सोनाबाई

शकुंतला गेल्याचं तिच्या भावानं मला घोरावाडी स्टेशनवर सांगितलं. "सकाळी चहा घेऊन बसली होती, तशीच..." आज त्याला दीड महिना झाला.

पुण्यातल्या एका संगणक केंद्रात आम्ही दोघी कामाला. ती लोणावळ्याहून यायची, मी घोरावाडीहून. लिस्प नावाच्या भाषेत छोटी छोटी फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे सूचनांचे तुकडे, एकमेकांत गुंफून प्रोग्रॅम लिहायचो. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांच्या वारसांच्या याद्या आमच्याकडे आल्या, तेव्हा परदेशातून आलेली तयार फंक्शन्सची लायब्ररी वापरू, असं मीच म्हटलं. दुबार नावं गाळणारं फंक्शन तिच्यात आयतं होतं. शकुंतला म्हणाली, "सुमन, त्यांनी ते कशासाठी लिहिलंय, आपल्याला कुठं ठाऊक आहे? आपलं आपण लिहू." मुदत जवळ आली होती. मी ऐकलं नाही.

यादी छापून आली आणि तिला चैन पडेना. मूळ अर्जांशी ताडून पाहताना एक अर्ज जास्तीचा निघाला. सोनाबाई धोंडू... यादीत एकदाच, अर्ज मात्र दोन; गाव तेच, नवऱ्याचं नावही तेच, म्हणून फंक्शननं दुबार समजून एक नाव गाळलं होतं. दुसऱ्याच दिवशी एसटीनं आणि पुढं पायी आम्ही तिकोना किल्ल्याच्या पायथ्याच्या, अर्जावरच्या वाडीत गेलो. तिथले आबा म्हणाले, "व्हय, दोगी हायेत. एक हितली, एक वरल्या आळीची. धोंडू बी दोन व्हते." वरच्या आळीची सोनाबाई दारातच उभी होती. "माजं नाव न्हाई त्यात? मग आमी जायाचं कुटं, बाई?" शकुंतला म्हणाली, "मावशी, चूक माझी आहे. मी दुरुस्त करते."

चूक तिची नव्हती. परत येताना एसटीत तिनं फक्त मुदतीला किती दिवस उरलेत ते मोजलं. नावासोबत अर्जाचा क्रमांकही पाहणारं फंक्शन तिनं नव्यानं लिहिलं, संगणकाला द्यायची कार्डं पंच केली, आणि मुदतीच्या शेवटच्या दुपारी यादी गेली. दोन्ही सोनाबाईंना जमीन मिळाली. पण पुढं कितीतरी वर्षं ती मधूनच विचारायची, "आणखी कुणी गळालं नसेल ना गं?"

परवा तिच्या खोलीत गेले होते. टेबलाच्या खणात एक वही सापडली. वापरलेल्या प्रत्येक तयार फंक्शनपुढं तिनं लिहून ठेवलं होतं, यातून कोण गळू शकेल. शेवटच्या पानावर माझंच एक फंक्शन होतं, केंद्रात आजही चालणारं. पुढची जागा कोरी, आणि पेन्सिलीनं एवढंच : 'सुमनला विचारायचं.'

दुसऱ्या दिवशी मी त्या फंक्शनवर चालणारं काम थांबवलं. आता त्यातून गेलेला एकेक अर्ज हातानं ताडून पाहतेय. अजून कुणी सापडलेलं नाही... अर्ध्याहून जास्त गठ्ठा बाकी आहे.