खुराड्यातला मुद्देमाल

ती घटना आठवली की आजही मला आधी कोंबड्या दिसतात आणि मग बर्फ.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा ठाण्याचा मी तेव्हा सार्जंट होतो. आई नागपूरची डॉक्टर. ती इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आली तेव्हा मी शाळकरी होतो, त्यामुळे माझी मराठी घरातली आणि खाकी नसलेली वर्दी इथली. आमच्या हद्दीत गुन्हे कमी आणि डोंगर जास्त. डोंगरात कोणी अडकलं की स्वयंसेवकांचं बचाव पथक पोलिसांनीच बोलवायचं, अशी इथली पद्धत. म्हणून बर्फ असेपर्यंत रोज संध्याकाळी हिमस्खलनाचा अंदाज ठाण्याबाहेरच्या फळ्यावर मी स्वतः लावत असे. लोक तो वाचायचे आणि आपल्याच मनाचं करायचे.

वसंतातला बर्फ मोठा लबाड. रात्री गोठला तर सकाळी दगडासारखा टणक, पण ऊन चढलं की सैल होतो आणि उभ्या उतारावरून सगळाच्या सगळा खाली येतो. म्हणून स्की घेऊन पहाटे चढायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं. रात्र गोठलीच नाही तर निघायचंच नाही. एवढं कळायला डोकं लागत नाही, पण पाळायला लागतं.

ईस्टरच्या सुट्टीतला शनिवार होता. रात्रभर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं, म्हणजे बर्फ गोठला नव्हता. सकाळी चहा ओततोय तोच लाल टोपी घातलेले एक गृहस्थ आत आले. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, म्हणजे तुम्ही आपले! मूळचे कुठले?"

"नागपूर. तक्रार काय आहे?"

"नागपूरला कुठे? धरमपेठ की महाल?"

आयुष्यात अनेकांच्या चौकशा केल्या, पण फिर्यादीनेच माझी उलटतपासणी घेतली ती त्या दिवशी. माझ्या आजोळापर्यंत पोचल्यावर त्यांनी तक्रार सांगितली. ते बर्मिंगहॅमचे सर्जन. सोबत पत्नी, मुलगी आणि मुलीचा होणारा नवरा. हा मुलगा पुण्याचा, ब्रिस्टलला सॉफ्टवेअरमध्ये. पत्नी सोडून तिघं त्या सकाळी आमच्याकडच्या सगळ्यात उभ्या घळीतून स्कीवरून उतरणार होते. पण गेस्ट हाउसमधून सामान चोरीला गेलं होतं. काय गेलं? चढताना घसरू नये म्हणून स्कीखाली चिकटवायच्या केसाळ पट्ट्या, डॉक्टरांचा डावा बूट, आणि बर्फाखाली गाडलं गेल्यास माणूस सापडावा म्हणून छातीवर बांधायच्या यंत्रांतले सेल. यंत्रं शाबूत, फक्त सेल नाहीत.

एकच बूट नेणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. घरचाच चोर असणार, हे मला तिथेच कळलं.

तेवढ्यात गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंचा फोन आला. हीच आमची खबर. बाई म्हणाल्या, "सार्जंट, माझ्या कोंबड्या आज खुराड्यात जायला तयार नाहीत. आत कोणीतरी लांबलचक केसाळ साप ठेवलेत. आणि तो चष्मेवाला पाहुणा सकाळपासून त्यांना 'सॉरी' म्हणतोय."

मी गेलो, पंचनामा केला, पट्ट्या जप्त केल्या. एकीवर कोंबडीने अंडं घातलं होतं. तेही मुद्देमालात धरायचं का, असं माझ्या कॉन्स्टेबलने गंभीरपणे विचारलं. मग सगळ्यांना ठाण्यात आणून एकेकाला आत घेतलं.

पहिला तो चष्मेवाला, होणारा जावई. मी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. मुद्देमालासारखं हत्यार नाही.

"सर, मला स्कीइंग येत नाही," तो म्हणाला. "पाहण्याच्या कार्यक्रमात काकांनी विचारलं, 'स्की करतोस ना?' मी म्हटलं, 'येतं ना.' सगळे इतके खूश झाले की... मग मी इनडोअर स्लोपवर दोन लेसन्स घेतले. दुसऱ्यात मी एका सात वर्षांच्या मुलीवर पडलो. ती घळ किती स्टीप आहे, सर?"

"घरातला जिना चढतोस ना? त्याहून उभी."

त्याने पाणी मागितलं. "लग्न मोडेल, सर. प्लीज, काकांना सांगू नका."

त्याच्याकडे पाहून मला हसू आलं आणि लगेच रागही. लग्न मोडू नये म्हणून हा मान मोडून घ्यायला निघाला होता! दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच घळीतून याच्याच वयाचा एक मुलगा आम्ही स्ट्रेचरवरून खाली आणला होता. त्याच्या आईला फोन मी केला होता.

दुसऱ्या काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "बूट मी चोरलेला नाही. ठेवलाय."

"कुठे?"

"कुकरच्या खोक्यात." बर्मिंगहॅमहून स्कॉटलंडला त्या कुकर घेऊन आल्या होत्या. "ह्यांचा गुडघा वर्षभर सुजतोय. पण ह्यांना 'जाऊ नका' म्हटलं की हे हमखास जातात. म्हणून बोलले नाही. एका पायाने कुठे जाणार?"

तिसरी मुलगी. ती इंग्लंडातच वाढलेली, तिघांत स्कीवर खरी पटाईत तीच. ती भडकलीच होती. "मी काल dinnerला सांगितली होती, it's not freezing tonight, उद्या नको! बाबा म्हणाले, पाहुण्यासमोर असा भित्रा बोलू नये. सगळे hmm hmm करून वरण खात बसले. Nobody backed me up!"

उरले सेल. डॉक्टरांना मी आत बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "डॉक्टर, काल रात्री उशिरा माझ्या फळ्यासमोर एक लाल टोपी बराच वेळ उभी होती. खिडकीतून दिसली. काय वाचत होतात?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. कोटाच्या खिशातून सगळे सेल काढून टेबलावर ओळीने मांडले.

"यंत्र चालू नसेल तर डोंगरावर जायचं नाही, हा माझा नियम आहे," ते हळूच म्हणाले. "जेवताना मोठ्या तोंडाने बोलून बसलो होतो. होणाऱ्या जावयासमोर माघार कशी घेणार? सेल गेले म्हटल्यावर सगळ्यांनीच नको म्हटलं असतं."

"आणि माझ्याकडे चोरीची तक्रार?"

"मुलगी म्हणाली, पोलिसांत जाऊ. नाही कसं म्हणणार?"

खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे, हे मी त्यांना चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं. मग दार उघडून चौघांना एकत्र बसवलं आणि ज्याने त्याने आपापला गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगावा, असं फर्मान काढलं. जावयाचं "येत नाही" ऐकून डॉक्टर त्याच्याकडे पाहतच राहिले. "अरे, मग बोलायचं नाही का?" ते म्हणाले. यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्या हसण्यातच फोन वाजला. पलीकडच्या कड्यावरून एका गिर्यारोहकाने कळवलं होतं, की घळीतला बर्फ वरपासून खालपर्यंत कोसळला आहे. बचाव पथकाच्या प्रमुखाने फोनवर मला विचारलं, "आत कोणी आहे का?"

"जे असणार होते ते माझ्यासमोर चहा पिताहेत," मी म्हणालो.

मी फोनवर काय बोललो ते चौघांनाही कळलं होतं. मग कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी मुलीचा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. तक्रार मी निकाली काढली. अंडं मालकीणबाईंना परत केलं.

नोकरीत मी स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. समोरच्याचं मन राखायला जीव द्यायला निघालेले मात्र आमच्याच लोकांत पाहिले. आपण मोठ्यांना नाही म्हणत नाही, पाहुण्यांना नाही म्हणत नाही, आणि मोठे झालो की स्वतःलाही नाही म्हणत नाही. उतारावर ही सभ्यता चालत नाही. चौघांपैकी एकाने जरी "नको" म्हटलं, तरी चौघांनी मागे फिरायचं, हा नियम तेव्हापासून मी अंदाजाखाली माझ्या हाताने लिहू लागलो.

पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला लग्नाला गेलो. वरातीनंतर उंबरठ्यावर बायकांनी जावयाला अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. बिचारा लाल झाला. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मला येत नाही."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग पहिली जोरदार टाळी वाजली, ती डॉक्टरांची.