प्रोग्रामची किंमत

बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदाममालकांना मी एकदाच भेटलो. पळस्पे फाट्यावरच्या हॉटेलात मी त्यांना माझा प्रोग्राम दाखवला. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, ते तो लगेच सांगायचा. बघताना ते शर्टाच्या टोकाने सारखा चष्मा पुसत होते.

"किती देऊ?" त्यांनी विचारलं.

"चार दिवसांचं काम आहे काका, दहा हजार द्या," मी चाचरत म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "आमच्या बापानं जमीन अशीच कमी पैशात दिली. घेनारा तिचं काय करनार हाय, ते इचारलंच नाय. तू तरी इचार."

मी विचारलं. कंटेनर शोधण्यात त्यांच्या माणसांचे रोज दोन-तीन तास जात होते.

मग मी चाळीस हजार सांगितले. त्यांनी हुज्जत घालून पस्तीसवर आणले आणि चहाचे पैसे मला भरायला लावले. मी ते आनंदाने भरले.